उंचीवरील जलाशय आणि नौकेचा पंखा : तंत्रनिवडीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

नौकानयनाचा इतिहास हा बहुतांशी समुद्राचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. बंदरे, गलबते, आरमारे आणि आगबोटी यांचे तपशील इतिहासग्रंथांतून विपुल सापडतात. परंतु समुद्रसपाटीपासून उंच असलेल्या तलावांवर व जलाशयांवर चालणाऱ्या नौकांचा विचार क्वचितच झालेला आढळतो. वस्तुतः विसाव्या शतकात धरणांमुळे दख्खनच्या पठारावर विस्तीर्ण जलाशय निर्माण झाले आणि ज्या गावांचा नौकेशी संबंध केवळ पावसाळ्यातील होडीपुरता होता, त्या गावांच्या दारात बारमाही पाणी आले. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचा भीमाकाठ हे त्याचे ठळक उदाहरण होय. जेऊर परिसरातील अनेक गावांना उजनी जलाशयाने एकीकडे पाणी दिले, तर दुसरीकडे पलीकडच्या इंदापूर तालुक्यापासून तोडले. परिणामी यांत्रिक होडी ही येथील दळणवळणाची गरज बनली.

समुद्रावर घडवलेले यंत्र पठारावर किंवा पर्वतावर नेले असता ते जसेच्या तसे चालते काय, हा प्रश्न यातून उपस्थित होतो. नौकेच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः एका छोट्या भागाशी येऊन थांबते. तो भाग म्हणजे इंजिनाची शक्ती पाण्याला देणारा मळसूत्री पंखा, म्हणजेच प्रोपेलर. किनारपट्टीवरील मच्छीमार त्यास नुसते ‘पंखा’ म्हणतात आणि प्रस्तुत लेखातही हाच शब्द योजला आहे. उंचीवरील पाण्यासाठी योग्य पंखा कोणता, याविषयीचे ज्ञान कसे विकसित होत गेले याचा ऐतिहासिक मागोवा घेऊन त्याचा उजनीच्या संदर्भात विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मळसूत्री पंख्याच्या विकासाचे टप्पे पाहणे.
२) उंचीचा इंजिनावर व पंख्यावर होणारा परिणाम ऐतिहासिक प्रयोगांच्या आधारे स्पष्ट करणे.
३) तितिकाका, वेक सर्फ नौका आणि पँगाँग या उदाहरणांतून पंख्याच्या निवडीची तत्त्वे शोधणे.
४) उजनी जलाशयाच्या परिस्थितीस ती तत्त्वे कितपत लागू पडतात हे तपासणे.

वल्ह्याच्या चाकापासून मळसूत्री पंख्यापर्यंत

पश्चिम भारताचा आगबोटीशी आलेला आरंभीचा संबंध पंख्याचा नसून वल्ह्याच्या चाकांचा होता. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट १८२९ साली पाण्यात उतरली आणि २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्या दोन्ही बाजूंना मोठी चाके होती. दूरच्या प्रवासासाठी तिच्यात क्षमतेहून अधिक कोळसा भरावा लागला. चाकाच्या आगबोटीचा मूलभूत दोष अशा वेळी उघड होतो. बोट जड असताना चाके पाण्यात खोल बुडून इंजिनावर ओझे पडते आणि कोळसा संपत जाऊन बोट हलकी झाली की चाके वर येऊन पाणी नीट कापीत नाहीत. भार बदलला की यंत्राची आणि पाण्याची सांगड बिघडते, हा धडा पंख्याच्याही इतिहासात पुन्हा पुन्हा येतो.

मळसूत्राने पाणी ढकलण्याची कल्पना आर्किमिडीजच्या नावाशी जोडलेली असून ती प्राचीन आहे. नौकेसाठी तिचा उपयोग करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फलद्रूप झाले. ऑस्ट्रियन साम्राज्यातील योसेफ रेसेल याने १८२७ साली पेटंट घेतले. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ व स्वीडिश अभियंता जॉन एरिक्सन या दोघांनी १८३६ साली काही आठवड्यांच्या अंतराने स्वतंत्र पेटंटे घेतली. स्मिथच्या प्रयोगातील एक प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. त्याच्या लहान नौकेला दोन वेढ्यांचे लाकडी मळसूत्र बसविलेले होते. १८३७ साली पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना ते काशावर तरी आपटून त्याचा जवळजवळ निम्मा भाग तुटून पडला. नौका थांबेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती अधिक वेगाने धावू लागली. मोठा पंखा म्हणजे चांगला पंखा ही समजूत या अपघाताने खोटी ठरवली. इंजिनाला पेलेल तेवढाच पंखा उपयोगाचा, हे तत्त्व सिद्धांतरूपाने मांडले जाण्यापूर्वीच अनुभवाने हाती लागले.

यानंतर स्मिथच्या पंख्याची ‘आर्किमिडीज’ ही आगबोट आली आणि ब्रुनेलने आपल्या ‘ग्रेट ब्रिटन’ या १८४३ साली पाण्यात उतरलेल्या जहाजासाठी पंखाच निवडला. १८४५ साली ब्रिटिश आरमाराने पंख्याची ‘रॅटलर’ आणि चाकांची ‘अलेक्टो’ यांना पाठीला पाठ लावून बांधले व दोन्ही इंजिने पूर्ण जोराने चालवली. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला मागे ओढत नेले आणि पंख्याची श्रेष्ठता सर्वमान्य झाली.

पंख्याची दोन मुख्य मापे असतात. पहिले त्याचा व्यास. दुसरे त्याचा पिच, म्हणजे पंखा घन पदार्थातील स्क्रूप्रमाणे फिरला असता एका फेऱ्यात जेवढा पुढे जाईल ते अंतर. पिच अधिक असेल तर दर फेऱ्यात अधिक अंतर कापले जाते, पण इंजिनावर ओझेही अधिक पडते. बैलगाडीचे उदाहरण घेतल्यास हे सहज ध्यानात येईल. सपाट रस्त्यावर जी बैलजोडी भरली गाडी सुखाने ओढते, तिला घाट चढताना जादा जोडी लावावी लागते किंवा ओझे कमी करावे लागते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनेही बोरघाटात हेच केले. १८६३ साली खुल्या झालेल्या त्या चढावर गाडीस जादा इंजिन जोडण्याची प्रथा रूढ झाली. नौकेस जादा इंजिन सहसा जोडता येत नाही. म्हणून तिचे ओझे कमी करण्याचा मार्ग पंख्याच्या पिचमधून जातो.

उंची, हवा आणि इंजिन

उंचीवर पाणी बदलत नाही, हवा बदलते. या एका वाक्यात या विषयाचे सार आहे. ४,००० मीटर उंचीवरील तलावातही एक घनमीटर गोड्या पाण्याचे वस्तुमान जवळजवळ १,००० किलोच असते. पंख्याला पाणी ढकलण्यासाठी लागणारा जोर तेथेही समुद्रसपाटीइतकाच लागतो. मात्र इंजिन ज्या हवेवर जगते ती विरळ होते. प्रमाण वातावरणाच्या गणितानुसार समुद्रसपाटीला हवेची घनता दर घनमीटरला १.२२५ किलो असते; १,९०० मीटरवर ती सुमारे १७ टक्क्यांनी, २,७५० मीटरवर सुमारे २४ टक्क्यांनी आणि ४,३०० मीटरवर सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होते. टर्बोचार्जर किंवा तत्सम साधन नसलेल्या इंजिनाची शक्ती साधारणपणे याच प्रमाणात घटते. दर ३०० मीटरला ३ टक्के हा व्यवहारातील ठोकताळा यावरूनच आला आहे.

या घटीचे पहिले नाट्यमय प्रात्यक्षिक नौकेसाठी नव्हे, विमानासाठी झाले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, अमेरिकन अभियंता सॅनफोर्ड मॉस याने लिबर्टी हे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतील सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर नेले. सपाटीवर सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० अश्वशक्तीपर्यंत उतरले. वाया जाणाऱ्या धुराच्या जोराने हवा दाबून देणारा टर्बोचार्जर जोडताच त्याच शिखरावर ते ३५६ अश्वशक्ती देऊ लागले. २३० आणि ३५० यांचे गुणोत्तर सुमारे ६६ टक्के येते. त्या उंचीवरील हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असते, हे लक्षात घेता सिद्धांत आणि प्रयोग यांचा मेळ किती नेमका आहे हे दिसून येते.

इंजिनाची शक्ती घटली आणि पंखा मात्र तोच राहिला, तर काय होते? पंखा फिरवण्यास लागणारा पीळ, म्हणजे टॉर्क, फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समुद्रसपाटीवर मिनिटाला ५,००० फेरे गाठणाऱ्या इंजिनाचा टॉर्क २,७५० मीटरवर २४ टक्क्यांनी घटला, तर तोच पंखा ते सुमारे ४,३५० फेऱ्यांपर्यंतच फिरवू शकते. म्हणजे शक्ती दोनदा हरवते. एकदा हवा विरळ झाल्यामुळे आणि दुसऱ्यांदा इंजिन आपल्या पूर्ण फेऱ्यांना न पोहोचल्यामुळे. डिझेल इंजिनात याची खूण डोळ्यांना दिसते. पंप तेवढेच तेल देतो, हवा पुरत नाही आणि धुराड्यातून काळा धूर येऊ लागतो. पहिले नुकसान उंचीचे आहे व ते टर्बोचार्जरविना टळत नाही. दुसरे नुकसान चुकीच्या पंख्याचे आहे आणि ते टाळता येते. पंखा निवडण्याच्या कलेचे क्षेत्र नेमके हेच दुसरे नुकसान होय.

येथे आणखी एका अडचणीचा विचार करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगवान नौकांचे पंखे एका मर्यादेपुढे पाण्याची पकड सोडतात असे आढळू लागले. पात्याच्या मागील बाजूस दाब इतका उतरतो की तेथे पाण्याची वाफ होऊन पोकळ्या तयार होतात. यास कॅव्हिटेशन, म्हणजे पोकळीभवन, असे नाव मिळाले. चार्ल्स पार्सन्स याची ‘टर्बिनिया’ ही नौका १८९४ साली याच कारणाने २० नॉटच्या आत अडकून पडली. पार्सन्सने १८९५ साली एका बंद जलमार्गात लहान पंखा फिरवून पोकळ्या पाहण्याचे उपकरण रचले. पोकळ्या लवकर याव्यात म्हणून प्रथम पाणी तापवले जाई व पुढे पंपाने आतील हवेचा दाब कमी केला जाऊ लागला. अखेर एका पंख्याऐवजी तीन दांड्यांवर मिळून नऊ लहान पंखे बसवून ‘टर्बिनिया’ने १८९७ साली सुमारे ३४ नॉट वेग गाठला.

पार्सन्सने पंपाने जे साधले, ते उंच तलावांवर निसर्गच करतो. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. ४,३०० मीटरवर तो ६० किलोपास्कलच्या जवळ असतो. अर्ध्या मीटर खोलीवरील पंख्यावर पाण्याच्या स्तंभाचा दाब जेमतेम ५ किलोपास्कल पडतो, त्यामुळे त्याचा आधार नाममात्र होय. साहजिकच पोकळ्या अधिक लवकर येतात. म्हणून उंचीवर केवळ पिच कमी करून आणि फेरे वाढवून भागत नाही; पात्यांचे क्षेत्रफळही पुरेसे ठेवावे लागते, किंवा गिअरपेटीने फेरे उतरवून मोठ्या व्यासाचा पंखा सावकाश फिरवावा लागतो. इंजिन हलक्या पंख्याची मागणी करते आणि पाणी रुंद पात्यांची. उंचीवरील निवड या दोहोंतील तडजोड आहे.

तितिकाका : पर्वतावर नेलेल्या आगबोटी

उंच तलावावर यांत्रिक नौका नेण्याचा एक विलक्षण प्रयत्न पेरू देशाने केला. समुद्रसपाटीपासून ३,८१२ मीटर उंचीवरील तितिकाका सरोवरासाठी पेरूच्या शासनाने इंग्लंडमध्ये ‘यावारी’ व ‘यापुरा’ या दोन लोखंडी आगबोटी बांधवून घेतल्या. सुट्या भागांच्या रूपात त्या १८६२ साली अरिका बंदरात पोहोचल्या. तेथून रेल्वेने ताक्नापर्यंत आणि पुढे खेचरांच्या पाठीवरून अँडीज पर्वत ओलांडून ते भाग पुनो येथे न्यावयाचे होते. प्रत्येक भाग खेचराला पेलेल एवढाच असावा, अशी अट बांधणी करणाऱ्यांना पाळावी लागली. हे काम वर्षानुवर्षे रखडले. ‘यावारी’ २५ डिसेंबर १८७० रोजी सरोवरात उतरली; ‘यापुरा’ला त्याहून अधिक काळ लागला.

‘यावारी’चे वाफेचे इंजिन ६० अश्वशक्तीचे होते. सरोवराच्या परिसरात कोळसा नव्हता. म्हणून लामा या जनावराच्या वाळलेल्या शेणावर बॉयलर चालवावा लागला. दख्खनच्या वाचकास गोवऱ्यांची आठवण करून देणारे हे इंधन स्थानिक होते, पण त्याला जागा फार लागे. १९१४ साली नौकेची लांबी वाढविण्यात आली व बोलिंडर कंपनीचे चार सिलिंडरांचे ३२० अश्वशक्तीचे तेल इंजिन बसविण्यात आले.

या कथेतून एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. वाफेच्या इंजिनात बॉयलरमधील वाफेचा दाब बाहेरील हवेवर अवलंबून नसतो. विरळ हवेचा त्रास मुख्यतः जाळाला होतो आणि मोठ्या भट्टीने तो काही अंशी भरून काढता येतो. तेल इंजिन मात्र प्रत्येक फेऱ्यात बाहेरची हवा सिलिंडरात घेते. म्हणजे ज्या काळात वाफेची जागा तेल इंजिनाने घेतली, त्याच काळात उंचीचा प्रश्न नौकेच्या हृदयात शिरला. जुन्या तंत्राने न विचारलेला प्रश्न नव्या तंत्राने विचारला, असे म्हणता येईल.

वेक सर्फ नौका : प्रश्नाचे तीव्र रूप

अमेरिकेतील उंच सरोवरांवर हाच प्रश्न आज क्रीडानौकांच्या रूपाने समोर येतो. वेक सर्फ या खेळात नौका आपल्या मागे मुद्दाम मोठी लाट उठवते आणि खेळाडू दोरीचा आधार सोडून त्या लाटेवर फळीने तरंगत राहतो. लाट मोठी व्हावी म्हणून नौकेच्या टाक्यांत पाणी भरून तिचे वजन शेकडो किलोंनी, कित्येकदा हजार किलोंहून अधिक वाढवले जाते. वेग मात्र ताशी १६ ते २० किलोमीटरच्या आसपास ठेवावा लागतो. जड नौका, मंद वेग आणि सतत मोठा जोर असे हे गणित आहे. घाटात भरली गाडी थांबवून पुन्हा चालू करण्यासारखी ही अवस्था होय.

लेक टाहोच्या (सुमारे १,९०० मीटर) किंवा कोलोरॅडोतील डिलन जलाशयाच्या (सुमारे २,७५० मीटर) उंचीवर समुद्रसपाटीचा पंखा लावलेली अशी नौका टाक्या भरल्यावर लाट उठवण्याच्या वेगापर्यंत पोहोचण्यास धडपडते. व्यवहारात पिच एक इंचाने कमी केल्यास इंजिनाचे मिनिटाला १५० ते २०० फेरे वाढतात असे मानले जाते. वर दिलेल्या उदाहरणातील सुमारे ६५० फेऱ्यांची तूट भरून काढण्यास या हिशेबाने तीन ते चार इंच पिच कमी करावा लागेल. त्यामुळे नौकेचा कमाल वेग घटतो. परंतु वेक सर्फ नौकेला कमाल वेगाची गरजच नसते. जे गमावले जाते ते अनावश्यक असते आणि जे मिळते ते अत्यावश्यक. नौकेचे काम काय, हे आधी ठरल्याशिवाय पंखा ठरत नाही, ही गोष्ट या खेळाच्या निमित्ताने अतिशय स्पष्ट होते.

निवडीची अंतिम कसोटीही साधी आहे. नौका ज्या पाण्यावर चालायची त्याच पाण्यावर, जेवढा भार वाहायचा तेवढा भार घेऊन, इंजिन पूर्ण उघडावे व फेरे मोजावेत. निर्मात्याने ठरवून दिलेल्या फेऱ्यांना इंजिन पोहोचले नाही तर पंखा जड आहे. ते फेरे सहज ओलांडले तर पंखा हलका आहे. रिकाम्या नौकेवर केलेली चाचणी ही चाचणी नव्हे.

गोवा ते पँगाँग

मराठी-कोकणी प्रदेशाचा उंच तलावांशी आलेला अलीकडचा संबंध गोव्यातून आला. वास्को येथील गोवा शिपयार्डची स्थापना पोर्तुगीज राजवटीत १९५७ साली झाली. गोवा मुक्तीनंतर तो भारत सरकारचा उपक्रम बनला. १ जानेवारी २०२१ रोजी भारतीय सेनेने या गोदीशी बारा वेगवान गस्ती नौकांचा करार केल्याचे जाहीर केले. अति उंचीवरील जलाशयांसह मोठ्या जलसाठ्यांवर टेहळणी व गस्त घालणे हे त्यांचे प्रयोजन होते. २०२० साली पूर्व लडाखमध्ये निर्माण झालेल्या तणावाची पार्श्वभूमी या करारास होती. त्या वेळी साऱ्यांचे लक्ष ४,२०० मीटरहून अधिक उंचीवरील पँगाँग सरोवराकडे लागलेले होते.

समुद्रसपाटीच्या गोदीत बांधलेली नौका जगातील अत्यंत उंच सरोवरांपैकी एकावर चालवायची, हे आव्हान वर मांडलेल्या सर्व मुद्द्यांना एकत्र आणते. पँगाँगवर उन्हाळ्यातही हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत ३५ ते ४० टक्क्यांनी कमी असते. हिवाळ्यात सरोवर गोठते. पाणी खारट असले तरी ते समुद्र नव्हे. मांडवी-झुआरीच्या मुखाशी केलेली चाचणी नौकेचा सांगाडा, यंत्रणा आणि जुळणी यांची खात्री देऊ शकते. परंतु इंजिन आणि पाणी ढकलणारे साधन यांचा मेळ बसला की नाही, याचा निवाडा सरोवरावरच होतो. ‘यावारी’ला अरिकाहून सरोवरात उतरण्यास आठ वर्षे लागली होती. आज हे अंतर रस्त्याने काही दिवसांत कापले जाते. वाहतुकीची अडचण सरली. हवेची अडचण मात्र तीच राहिली आहे.

उजनी जलाशय आणि जेऊर परिसर

पँगाँगच्या तुलनेत उजनी जलाशयाची उंची नगण्य वाटेल. भीमेवरील या धरणाचे काम १९८० साली पूर्ण झाले. जलाशयाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आहे. एवढ्या उंचीने इंजिनाची शक्ती जेमतेम पाच टक्क्यांनी घटते. यावरून येथे उंचीचा विचार करण्याचे कारण नाही, असा निष्कर्ष कोणी काढील. परंतु तो घाईचा ठरेल.

हवेची घनता उंचीप्रमाणेच तापमानावरही अवलंबून असते. सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जाणे ही नित्याची बाब आहे. ५०० मीटर उंचीवर ४२ अंश तापमानात हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.०६ किलो एवढीच राहते. प्रमाण वातावरणात ही घनता सुमारे १,५०० मीटर उंचीवर आढळते. दुसऱ्या शब्दांत, मे महिन्याच्या दुपारी जेऊरच्या परिसरातील इंजिनाला महाबळेश्वरच्या माथ्याहूनही (सुमारे १,३७२ मीटर) थोड्या अधिक उंचीवरची प्रमाण हवा मिळत असते. इंजिनावर लिहिलेली अश्वशक्ती सामान्यतः २५ अंश तापमान व १०० किलोपास्कल दाब या प्रमाण परिस्थितीतील असते. तिच्याशी तुलना केली तरी सुमारे दहा टक्के घट येते. वैमानिकांना ही संकल्पना घनता-उंची म्हणून परिचित आहे. नकाशावरील उंची स्थिर असते. इंजिनाला जाणवणारी उंची ऋतूप्रमाणे बदलते.

याच मे महिन्यात जलाशयाची दुसरी बाजूही बदलते. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी एकूण साठ्यापैकी निम्म्याहून अधिक साठा मृत समजला जातो आणि उन्हाळ्यात पातळी त्याखाली गेली की ‘उणे साठा’ हा शब्द वर्तमानपत्रांतून सर्वांच्या तोंडी होतो. पूर्ण संचय पातळी व किमान वापर पातळी यांत सुमारे ५.८ मीटरचे अंतर आहे. दुष्काळी वर्षी पाणी त्याहूनही खाली उतरते आणि पळसदेवचे बुडालेले मंदिर उघडे पडते. नौकेच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की जेव्हा इंजिन सर्वांत दुबळे असते, तेव्हाच मार्ग उथळ होतात, काठाचा गाळ व जुनी बांधकामे वर येतात आणि मोठ्या व्यासाचा पंखा आपटण्याचा धोका वाढतो. पर्वतावरील सरोवरासाठी सुचवलेला मोठा, सावकाश फिरणारा पंखा म्हणूनच येथे डोळे झाकून स्वीकारता येत नाही. येथे कमी पिचचा, रुंद पात्यांचा, मध्यम व्यासाचा पंखा अधिक सयुक्तिक ठरतो.

हा विचार केवळ यंत्रशास्त्राचा नाही. या प्रदेशाच्या वाहतुकीचा इतिहास पाहिला तर १८५९ साली दिक्सळ ते बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) हा रेल्वेमार्ग खुला झाला आणि जेऊरचा टापू पुण्याशी जोडला गेला. शंभराहून अधिक वर्षांनी जलाशयामुळे या भागातील रेल्वेमार्गाची आखणी बदलावी लागली. रेल्वेसाठी नवा मार्ग आखला गेला. नदीच्या दोन काठांवरील गावांच्या परस्पर वाटा मात्र पाण्याखाली गेल्या. सोयरीक, बाजार, दवाखाना यांसाठी पलीकडे जाणाऱ्या माणसाला दूरचा वळसा किंवा होडी हे दोनच पर्याय उरले. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी अकस्मात आलेल्या वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. ती दुर्घटना वाऱ्याची आणि सुरक्षासाधनांच्या प्रश्नाची होती, पंख्याची नव्हे. तथापि तिने एक गोष्ट अधोरेखित केली. उजनीचे पाणी तळ्यासारखे शांत दिसत असले तरी वळवाच्या दिवसांत ते समुद्राप्रमाणे वागू शकते. अशा वेळी नौकेचे तोंड वाऱ्याकडे धरून ठेवण्यास राखीव जोर लागतो. आधीच जड पंख्याने दमलेल्या इंजिनापाशी तो उरलेला नसतो. वळवाचा वारा आणि ४२ अंशांची दुपार एकाच महिन्यात येतात, ही बाब पंख्याची निवड करताना दृष्टिआड करता येत नाही.

कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मुनावळे येथे २०२४ साली जलपर्यटन केंद्र सुरू झाले. महाराष्ट्राच्या इतर जलाशयांवरही वेगवान नौका येत आहेत. यांतील अनेक नौकांचे आराखडे समुद्रकिनाऱ्यासाठी वा थंड प्रदेशांतील सरोवरांसाठी तयार झालेले असतात. त्या येथे आणताना इंजिनाची अश्वशक्ती व आसनसंख्या यांची चौकशी होते. पंख्याचा व्यास, पिच आणि भरल्या नौकेवरील फेरे यांची चौकशी मात्र क्वचितच होते.

निष्कर्ष

१) मळसूत्री पंखा हा इंजिन आणि पाणी यांतील दुवा आहे. उंचीवर पाणी तेच राहते व हवा विरळ होते. म्हणून समुद्रसपाटीचा पंखा उंचीवर इंजिनास जड पडतो.
२) शक्तीची पहिली घट उंचीमुळे होते व ती टर्बोचार्जरने कमी करता येते, दुसरी घट चुकीच्या पंख्याने होते व ती पिच कमी करून टाळता येते.
३) अति उंचीवर कॅव्हिटेशनचा धोका वाढतो, म्हणून पिच कमी करताना पात्यांचे क्षेत्रफळ राखणे आवश्यक ठरते.
४) दख्खनच्या जलाशयांवर उंचीपेक्षा उन्हाळ्यातील तापमानाचा परिणाम मोठा आहे. उजनीवर मे महिन्यात इंजिनाला सुमारे १,५०० मीटर उंचीइतकी विरळ हवा मिळते.
५) पंख्याची चाचणी त्याच पाण्यावर, पूर्ण भारासह आणि वर्षातील सर्वांत प्रतिकूल दिवसांत होणे इष्ट आहे.

समारोप

पॅडिंग्टन कालव्यात तुटलेले मळसूत्र, तितिकाकाकाठी जळणारे शेण, पाइक्स पीकच्या माथ्यावर गुरगुरणारे इंजिन आणि वास्कोच्या गोदीतून लडाखला निघालेली नौका या सर्व घटनांतून एकच सूत्र जाते. यंत्र कोठेही बनवता येते. त्याची योग्यता मात्र ते जेथे चालते तेथेच ठरते. उजनीच्या काठावरील होडीवाल्याला ही गोष्ट धुराचा रंग आणि इंजिनाचा आवाज यांवरून अनुभवाने ठाऊक असते. त्या अनुभवाला मोजमापाची जोड मिळाली, आणि नौकांच्या तपासणीत सुरक्षाजॅकेटांच्या संख्येबरोबर भरल्या नौकेवरील इंजिनाच्या फेऱ्यांचीही नोंद होऊ लागली, तर पठारावरील जलवाहतूक अधिक निर्धोक होण्यास निश्चितच हातभार लागेल.